गणवेशाचा पैसा आणि दिलेला शब्द

मुलांच्या गणवेशधारी पथकास सरकारनें द्रव्यसाहाय्य करावें काय, आणि सरकार तें देऊं करीत असतां पथकानें तें घ्यावें काय, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ जमाखर्चाचा दिसतो. परंतु थोडा विचार केला म्हणजे असें दिसून येतें कीं, हा प्रश्न मुळांत नीतीचा आहे. टोपी, पट्टा, तंबू, बिगूल या वस्तु बाजारांत मिळतात. मुलाचें मन बाजारांत मिळत नाहीं. म्हणून मुलांसाठीं जो पैसा देतो आणि जो घेतो, त्या दोघांनींही एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. ती ही कीं, हा पैसा कशाबद्दल?

स्काउट, गाइड, बॉइज ब्रिगेड, राष्ट्रीय छात्रसेना अशीं जीं पथकें आपल्या पाहण्यांत किंवा ऐकण्यांत येतात, त्या सर्वांची बाहेरची खूण गणवेश ही आहे. एकाच रंगाचा सदरा अंगांत घातला म्हणजे सावकाराचा मुलगा आणि मोलमजुरी करणाऱ्याचा मुलगा रांगेंत सारखेच दिसतात. ज्या देशांत अंगावरील वस्त्रावरून मनुष्याची जात व ऐपत ताडण्याची संवय पिढ्यान्पिढ्या चालत आली, त्या देशांत ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच सदऱ्याला पैसे पडतात. भेद झांकण्याकरितां योजिलेला गणवेश विकत घेतां न आल्यामुळें एखादें मूल कुंपणाबाहेर उभें राहून आंतील कवायत पाहत राहिलें, तर भेद झांकला गेला नाहीं, उलट तो चव्हाट्यावर मांडला गेला. तेव्हां "आम्हांस कोणाचाच पैसा नको" असें म्हणणें ज्याच्या घरीं धान्याची कणगी भरलेली आहे त्यालाच सोपें जातें.

या कारणास्तव कित्येक विचारी माणसें म्हणतात कीं, सरकारी साहाय्य अवश्य घ्यावें. त्यांचें म्हणणें असें: सरकारचा पैसा म्हणजे कोणा राजाची बक्षिसी नव्हे, तो प्रजेचाच पैसा होय. शेतावर खपणारी बाई साबणाची वडी किंवा आगपेटी विकत घेते, तेव्हां किंमतींतच करही भरते. मग त्या कराचा एखादा अंश तिच्या मुलाच्या पट्ट्याच्या रूपानें तिच्या दारीं परत आला, तर त्यांत लाजिरवाणें काय आहे? हा युक्तिवाद खरा आहे, आणि त्यास उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें योग्य नाहीं.

दुसरा पक्ष म्हणतो कीं, ज्याच्या हातीं दोरी त्याच्या मर्जीनें बाहुली नाचते. आज सरकार तंबू देईल, उद्यां तंबूंत काय शिकवावें तें सांगेल, आणि परवां त्या तंबूंतून मुलांना कोठें न्यावयाचें तेंही ठरवील. या म्हणण्यांतही तथ्य आहे. दोन्ही पक्षांचें कांहीं कांहीं खरें असतां निर्णय कसा करावा? नुसत्या तर्कानें तो होत नाहीं. अशा प्रसंगीं जे लोक त्याच वाटेनें आपल्यापूर्वीं गेले, त्यांचें काय झालें हें पाहणें बरें.

ता. 4 आक्टोबर 1883 रोजीं स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरांत विल्यम अलेक्झांडर स्मिथ नांवाच्या गृहस्थानें बॉइज ब्रिगेड ही संस्था सुरू केली. स्मिथ हे रविवारच्या शाळेंत शिकवीत, आणि शिवाय स्वयंसेवक पलटणींत अधिकारी होते. वर्गांत मुलें गलबला करतात, थोडीं मोठीं झालीं कीं येईनाशीं होतात. परंतु हींच मुलें कवायतीच्या मैदानावर ठेविलीं तर शिस्तीनें वागतील, असें त्यांस वाटलें. गणवेश त्यांनीं बुद्धिपुरःसर स्वस्त ठेविला. मुलाच्या अंगांत त्याचे नेहमींचेच कपडे, आणि त्यांवर टोपी, पट्टा व खांद्यावरून अडकविलेली पिशवी, एवढाच तो होता. संस्थेनें आपला हेतु पहिल्यापासून उघड सांगितला कीं, मुलांमध्यें ख्रिस्ताचें राज्य वाढावें, आणि आदर, शिस्त व स्वाभिमान या संवयी त्यांस लागाव्या. कवायत हें साधन आहे, साध्य नव्हे. मुलांच्या आईबापांस व मंडळ्यांस दिलेला हाच त्यांचा शब्द होता.

पुढें पंचवीस वर्षांनीं या शब्दाची परीक्षा झाली. ब्रिटनचे युद्धमंत्री हाल्डेन यांनीं 1907 च्या कायद्यानें देशाच्या राखीव सैन्याची नवी घडी बसविली, आणि मुलांच्या पथकांसही त्या योजनेंत स्थान द्यावें असा विचार पुढें आला. पार्लमेंटांत कित्येकांस याचें भय वाटलें. त्यामुळें त्याच कायद्यांत अशी अट घालण्यांत आली कीं, सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेंतील पथकांतला मुलगा 16 वर्षांचा होईपर्यंत त्याच्यावर पार्लमेंटनें मंजूर केलेला पैसा लष्करी मंडळांनीं खर्च करूं नये. 1910 च्या सुमारास युद्धखात्यानें मुलांच्या संस्थांस बोलावणें केलें: तुम्ही कॅडेट म्हणून आमची मान्यता घ्या, म्हणजे तुम्हांस सैन्याच्या सोयी मिळतील. बॉइज ब्रिगेडनें नाहीं म्हटलें. स्मिथ स्वतः स्वयंसेवक सैन्यांतील अधिकारी होते, त्यांस सैन्याचा तिटकारा नव्हता. तरीही त्यांनीं ओळखलें कीं, ही मान्यता घेतली तर "कवायत हें केवळ साधन" हा आपला शब्द खोटा पडेल.

त्याच वेळीं दुसऱ्या एका ख्रिस्ती संस्थेनें निराळा मार्ग धरिला. 1891 सालीं स्थापन झालेल्या चर्च लॅड्स ब्रिगेडनें ती मान्यता स्वीकारली, आणि 1911 पासून तिचीं पथकें किंग्ज रॉयल रायफल कोअर या नांवाजलेल्या पलटणीशीं जोडलीं गेलीं. 1914 सालीं महायुद्ध सुरू होतांच या संस्थेच्या आजीमाजी मुलांची त्या पलटणीची 16 वी तुकडी उभी राहिली. ता. 15 जुलै 1916 रोजीं फ्रान्समध्यें सोम नदीच्या रणक्षेत्रावर, हाय वुड नांवाच्या रानाजवळ तिची फार मोठी हानि झाली. एकाच प्रार्थनामंदिरांत शेजारीं शेजारीं बसून वाढलेले तरुण एकाच सकाळीं पडले.

येथें न्यायानें बोललें पाहिजे. ज्या संस्थेनें मान्यता नाकारली तिचेही हजारों तरुण त्याच युद्धांत गेले व मेले. इतकेंच नव्हे, तर युद्धाच्या दिवसांत बॉइज ब्रिगेडनेंही आपल्या ज्या पथकांस इच्छा असेल त्यांस कॅडेट म्हणून मान्यता घेण्यास मोकळीक दिली होती, आणि युद्ध संपल्यावर कांहीं वर्षांनीं तो संबंध तोडला. तेव्हां पैसा नाकारल्यानें मुलें मरणापासून वांचलीं, असें म्हणतां येत नाहीं. भेद आहे तो निराळा. एका संस्थेचा तरुण स्वतःच्या निश्चयानें गेला. दुसऱ्या संस्थेच्या तरुणाची वाट तो लहान असतांनाच आंखून ठेविली गेली होती. आपल्या मुलाला कोणत्या वाटेवर उभें करीत आहों हें त्याच्या आईला पहिल्या दिवशीं स्पष्ट सांगितलें होतें काय? कॅडेट पथक हें पाप नव्हे. रविवारच्या शाळेच्या नांवानें मूल बोलावून त्याला न सांगतां कॅडेट करणें, हें मात्र कपट आहे.

या कथेला आणखी एक पुस्ती आहे. सरकारचें मन स्थिर नसतें. 1930 सालीं ब्रिटिश सरकारनें कॅडेट पथकांची मान्यताच काढून घेतली. जीं पथकें सरकारच्या आधारावर विसंबलीं होतीं त्यांस जगविण्याकरितां त्याच वर्षीं एक खाजगी मंडळ स्थापावें लागलें. अगदीं अलीकडेही असेंच घडलें आहे. इंग्लंडांतील तरुणांसाठीं 2011 पासून चालविलेली नॅशनल सिटिझन सर्व्हिस ही योजना गणवेशाची नव्हती, पण बहुतांशीं सरकारी पैशावर उभी होती. तिच्यासाठीं 2017 सालीं पार्लमेंटनें खास कायदा केला. तरी नोव्हेंबर 2024 मध्यें नव्या सरकारनें ती बंद करण्याचें जाहीर केलें, आणि मार्च 2025 मध्यें तिचें काम थांबलें. कायद्यानें लाविलेलें झाडही माळ्याचें मन फिरल्यावर सुकतें.

जर्मनींतील उदाहरण यापेक्षां फार भयंकर आहे. तेथें आरंभ साहाय्यानें झाला नाहीं, सत्तेनें झाला. तरी आपल्या प्रश्नाशीं त्याचा निकट संबंध आहे. ता. 19 डिसेंबर 1933 रोजीं राष्ट्रीय बिशप लुडविग म्युलर यांनीं हिटलरच्या युवकसंघाच्या प्रमुखाशीं करार करून प्रॉटेस्टंट मंडळ्यांचीं युवकपथकें त्या संघाच्या स्वाधीन केलीं. त्या पथकांच्या स्वतःच्या पुढाऱ्यांस हें मान्य नव्हतें; मुलांस तर कोणी विचारलेंही नाहीं. 1936 च्या डिसेंबरांत कायदा झाला कीं, राष्ट्रांतील सर्व तरुण त्याच एका संघांत गणले जावे. गणवेश राहिला, निशाण राहिलें, गाणींही राहिलीं. पण आईबापांस दिलेल्या जुन्या शब्दांपैकीं एकही राहिला नाहीं.

एवढें वाचून कोणी म्हणेल, "तर मग सरकारपासून दूरच राहावें हें उत्तम." परंतु हाही निर्णय उतावळेपणाचा होईल. आपल्याच देशांतील एका थोर पुरुषाचें उदाहरण घ्या. पंडित हृदयनाथ कुंझरू हे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास, पंडित मदनमोहन मालवीय यांच्या समवेत, सेवा समितीच्या बालचर चळवळीच्या उभारणींत होते. ती चळवळ लोकांच्या वर्गणीवर व सेवेवर उभी होती. तेच कुंझरू 1946 सालीं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्या समितीच्या विचारांतून 1948 च्या कायद्यानें राष्ट्रीय छात्रसेना निर्माण झाली. ही सेना सर्वस्वी सरकारी. मग कुंझरूंनीं आपलें मत विकलें काय? मुळींच नाहीं. छात्रसेनेनें आपला शब्द कायद्यांतच लिहून ठेविला आहे: ही सरकारची संस्था आहे, आणि तींत दाखल झाल्यामुळें मात्र कोणाही विद्यार्थ्यावर प्रत्यक्ष युद्धसेवेचें बंधन येत नाहीं. जो मुलगा येईल त्यानें हें जाणून यावें. पैसा सरकारचा आणि शब्दही सरकारचाच. तेथें लपवाछपवी नाहीं.

उलट बाजूस आपल्या महाराष्ट्रांतील राष्ट्र सेवा दल पाहावें. 1941 सालीं एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखालीं तें नव्यानें उभें राहिलें, तेव्हां देशावर परकी सरकार होतें, आणि स्वातंत्र्याची आकांक्षा हाच दलाचा शब्द होता. अशा दलानें त्या सरकारपाशीं पैसा मागणें म्हणजे आपल्याच शब्दावर पाणी सोडणें झालें असतें. पुढें देश स्वतंत्र झाला. ता. 7 नोव्हेंबर 1950 रोजीं निरनिराळ्या बालचर संस्था एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली, आणि तिला सरकारी अनुदानही मिळत आलें आहे. देश, प्रजा व सेवा यांविषयींची जी प्रतिज्ञा तेथील मुलगा करतो, ती या अनुदानानें खोटी पडत नाहीं.

सरकारी पैशानें खरें हितही होतें, हेंही मान्य केलें पाहिजे. 2012 पासून पुढें ब्रिटनमधील कित्येक बँकांनीं व्याजाच्या दरांत केलेली लबाडी उघडकीस आली आणि त्यांस जबर दंड झाले. त्या दंडाचा कांहीं भाग तेथील सरकारनें स्काउट, कॅडेट इत्यादि गणवेशधारी मुलांच्या संस्थांस दिला, आणि गरीब वस्त्यांत नवीं पथकें काढण्याकडे तो लागला. कोणी विचारील, लबाडीच्या पैशानें मुलांस सदाचार शिकवावा काय? आमच्या मतें यांत दोष नाहीं. दंड झाला तेव्हां न्यायानें तो पैसा लबाडाच्या हातून सोडविला. तो प्रजेचा झाला, आणि प्रजेच्या सर्वांत गरजू मुलांकडे गेला. तरी तेथेंही एक गोष्ट अनुभवास आलीच. त्या देशांत आजही कित्येक मुलें स्काउट पथकांत प्रवेशाची वाट पाहत बसतात; आणि याचें मोठें कारण असें कीं, आठवड्याची एक संध्याकाळ देणारीं वडील माणसें मिळत नाहींत. पैशानें तंबू उभा राहतो, पण तंबूंत मुलांबरोबर बसणारा मनुष्य पैशानें उभा राहत नाहीं.

तर मग निर्णयाची कसोटी कोणती? शास्त्रांतील दोन पुरुषांच्या आचरणांत ती आपणांस स्पष्ट सांपडते. एज्रा आणि नहेम्या हे दोघेही एकाच राज्यांतून, अर्तहशश्त राजाच्या अनुमतीनें, यरुशलेमेकडे गेले. एज्रानें राजानें दिलेलें सोनें व रुपें मंदिराकरितां घेतलें. परंतु वाटेच्या रक्षणासाठीं स्वार मागण्याची त्याला लाज वाटली, कारण देवाचा हात आम्हांवर आहे असें तो राजाला सांगून चुकला होता. म्हणून अहवा नदीच्या कांठीं त्यानें उपास केला आणि स्वारांवांचून निघाला. नहेम्यानें स्वार घेतले, राजाच्या रानांतील लांकूडही घेतलें. परंतु सुभेदाराच्या ताटाचा खर्च, जो लोकांच्या मानेवर बसत असे, तो बारा वर्षें घेतला नाहीं. एकानें घेतलें तें दुसऱ्यानें टाकिलें. तरी दोघांची कसोटी एकच होती: जें घेतल्यानें आपला बोललेला शब्द खोटा पडेल, किंवा ज्यांच्या सेवेस आलों त्यांच्यावरच भार पडेल, तें घ्यावयाचें नाहीं, बाकीचें कृतज्ञतेनें घ्यावयाचें.

हीच कसोटी मुलांच्या पथकास लावावी. प्रथम आपला शब्द काय आहे हें ठरवावें, आणि तो मुलाच्या आईबापांपुढें साध्या भाषेंत सांगावा. ज्या पथकाला स्वतःचा शब्दच नाहीं, त्याचा शब्द पैसा देणारा लिहून देतो. आणि मग कोणी दुसऱ्यानें बिघडविलें अशी तक्रार करण्यास त्याला जागा राहत नाहीं. शब्द ठरल्यावर मग अनुदानाचा कागद वाचावा. तंबू, चटया, औषधांची पेटी, गरीब मुलांचे सदरे यांसाठीं पैसा येत असेल, तर तो घेण्यास संकोच करूं नये. परंतु पथकाचा नायक कोणी नेमावा, मुलांनीं कोणती शपथ घ्यावी, कोणाच्या मिरवणुकींत त्यांनीं चालावें, कोणत्या जातीच्या किंवा धर्माच्या मुलास बाहेर ठेवावें, हें जर त्या कागदांत लिहिलेलें असेल, किंवा लिहिलें नसूनही अधिकाऱ्याच्या बोलण्यांत असेल, तर तो कागद आदरानें परत करावा.

परत करावा, असें म्हणणें सोपें आहे. पण करतां आलें पाहिजे. सगळी अडचण येथेंच आहे. ज्या पथकाचा सोळा आण्यांपैकीं पंधरा आणे खर्च अनुदानावर चालतो, त्याला नाहीं म्हणण्याची सत्ता उरत नाहीं. त्याची जीभ आधींच गहाण पडलेली असते. म्हणून साहाय्य इतकेंच घ्यावें कीं, तें उद्यां बंद झालें तरी पथक पुढच्या शनिवारीं मैदानावर उभें राहील. तंबू नसला तर झाडाखालीं बसेल, बिगूल नसला तर टाळीवर चालेल, पण उभें राहील. स्मिथ यांनीं टोपी, पट्टा आणि पिशवी एवढाच गणवेश ठेविला. गणवेश जितका साधा, तितकें सरकारला, सावकाराला, देणगीदाराला किंवा मिशनलाही नाहीं म्हणणें सोपें जातें. मिशनचें नांव येथें मुद्दाम घेतलें आहे. परदेशांतून येणाऱ्या पैशालाही हीच कसोटी लागू आहे. देणारा धार्मिक असला म्हणून दोरीची गांठ सैल होत नाहीं.

कोणी शिक्षक बंधु म्हणतील, "आमच्या गांवीं पथकाचा नायक हा रोजानें काम करणारा तरुण आहे. शिबिराला गेला तर त्याची मजुरी बुडते. त्याला सरकारी मानधन मिळालें तर काय वाईट?" या प्रश्नांत दुःख आहे आणि तें खरें आहे. त्यावर आमचें सांगणें एवढेंच कीं, त्याची बुडालेली मजुरी भरून देणें हें त्या आईबापांचें व त्या मंडळीचें पहिलें कर्तव्य होय. पायलीभर ज्वारी, चार अंडीं, सुगीच्या दिवसांतील एक दिवसाचें श्रमदान, असें कांहींही चालेल. वस्तूंसाठीं दुसऱ्याचा पैसा चालतो. मुलांपुढें उभ्या राहणाऱ्या माणसाचें पोट मात्र शक्य तोंवर त्यांच्याच घरच्या भाकरीनें भरावें. कारण ज्याचें अन्न खातों त्याचें तोंड मनुष्य पाहत राहतो. आणि नायकानें मुलांच्या आईबापांचें तोंड पाहावें, हेंच मुलांस हितकर आहे. मंडळी फारच गरीब असेल आणि मानधन घ्यावेंच लागलें, तर तें कोणाकडून व कोणत्या अटीवर येतें हें सर्वांदेखत वाचून दाखवावें.

शेवटीं हिशेबाविषयीं दोन शब्द. अनुदानाचा हिशेब सरकारला दिला म्हणजे आपलें काम संपलें, असें पुष्कळ संस्थांस वाटतें. परंतु सरकारपेक्षांही मोठा धनी मुलाचा बाप आहे. वर्षांतून एकदां सर्व आईबापांस बसवून, किती आलें, कोणाकडून आलें, कशावर गेलें, आणि त्याच्या बदल्यांत आमच्यापाशीं काय मागितलें गेलें, हें वाचून दाखवावें. पहिल्या तीन रकाने लिहिण्याची चाल सर्वत्र आहे. चौथा रकाना फार थोड्या वह्यांत असतो. ज्या पथकाच्या वहींत हा चौथा रकाना आहे आणि तो मोठ्यानें वाचण्याची कोणास भीति वाटत नाहीं, त्या पथकानें सरकारचा पैसा घ्यावा किंवा न घ्यावा. दोन्ही रीतींनीं त्याचीं मुलें सुरक्षित आहेत.